नव्या पत्र्याला भोकं कुठे पाडायची

“पूर्वी पत्रा उचलला की कंबर बोलायची. हा बघ, नुसता फडफडतोय,” इवोर पुटपुटला.

पुटपुटला म्हणजे त्याच्या मते. डाव्या कानाने दगा दिल्यापासून त्याचं पुटपुटणं शेडच्या त्या टोकाला झोपलेल्या कुत्रीलाही ऐकू जायचं. हेलेद तर पत्र्याचं दुसरं टोक धरून त्याच्या समोरच उभी होती.

“दोन मिलिमीटरचा आहे, बाबा. जीपचा आधीचा तळ याच्या निम्माच होता.”

“म्हणून तर गंजला.”

“गंजला तो मेंढ्यांच्या मुताने आणि बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने.”

“तीनचा आणायला हवा होतास. गेथिनला पुढची तीस वर्षं परत हात लावायला लागू नये.”

हेलेदने आपल्या बाजूचं टोक जमिनीला टेकवलं आणि काहीतरी शोधायला गेल्यासारखी हत्यारांच्या फळीकडे गेली. हे वाक्य तिने आजवर खूपदा ऐकलं होतं. नवीन फाटक बसवायचं तर ते गेथिनसाठी. ओढ्याकाठचा बांध रचायचा तर गेथिनला पुढे त्रास नको म्हणून. फाटक बसवलं हेलेदने, बांधाचे दगडही तिनेच वाहिले. पण हाफोदवर, त्यांच्या त्या डोंगरातल्या शेतावर, जे काही व्हायचं ते गेथिनच्या नावाने व्हायचं, जसं देवळात दिवा कुणीही लावो, नाव देवाचंच असतं.

गेथिन तिचा धाकटा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी कार्डिफला शिकायला गेला आणि तिथेच राहिला. काचेच्या इमारतीत नोकरी, एक बायको, दोन मुली, आणि एक मांजर जिला पावसात बाहेर जायला आवडत नाही. तरी गावात त्याचं नाव अजून गेथिन हाफोदच. इथे माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही, शेताच्या नावाने ओळखतात. बाप इवोर हाफोद, म्हणून मुलगा गेथिन हाफोद. हेलेदने बापाच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सगळा डोंगर एकटीने सांभाळला होता, पण बाजारात तिला हाक मारायची झाली तर लोक म्हणायचे, “इवोरची हेलेद.”

तिचं यावर काही म्हणणं नव्हतं. नावाचं काय, मेंढ्यांना नाव विचारायची सवय नसते. पण मागच्या रविवारी चॅपेलमधून परत येताना इवोर जीपमध्ये म्हणाला होता, “गेथिन येतोयच शनिवार-रविवार. सोमवारपर्यंत ठेवून घेऊ त्याला. वकिलाकडे जाऊन हाफोद एकदाचं त्याच्या नावावर करून टाकू.” मागच्या बाकावरून तिची आई मार्गेद म्हणाली होती, “घरी गेल्यावर चहा टाकते.” आणि हेलेदने गिअर बदलला होता.

मार्गेदचा हा नियमच होता. अवघड विषय निघाला की किटली चढवायची. गेली काही वर्षं हाफोदवर चहा फार व्हायला लागला होता.

डोंगरावरच्या मेंढ्या शेताबरोबर जातात, हीच खरी मेख होती. त्या मेंढ्यांना आपापली चराई आईच्या मागे चालून ठाऊक होते. त्यांना कुंपण लागत नाही, आणि दुसऱ्या डोंगरावर नेलं तर त्या तिथे राहत नाहीत. म्हणून ज्याचं शेत त्याचा कळप. हेलेदने रात्ररात्र जागून ज्यांना हाताने ओढून बाहेर काढलं, त्यांतली एकही ती स्वतःबरोबर नेऊ शकली नसती. तिचं असं हाफोदवर काय होतं? एक कुत्री, नेल. आणि एक निळी गोणी.

गोणीचं सांगायला हवं. ही जीप घरी आली त्या उन्हाळ्यात गेथिन गाडी शिकला. त्याचे पाय बगळ्यासारखे, म्हणून इवोरने ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवली. पुढे गेथिन गेला, हिवाळा आला, ओली कुत्री, ओली माणसं, मीठ, चिखल. सीटचे रूळ गंजून तिथल्या तिथे धरले. हेलेद आईसारखी बुटकी. तिचा पाय क्लचवर पुरा पोचेना. सीट सोडवू या म्हटलं की इवोर म्हणायचा, “ठोकाठोक करशील तर मोडेल. आणि गेथिन आला की परत मागे घ्यावी लागेलच ना.” मग तिने खाद्याच्या निळ्या गोणीत लोकर भरली, गोणी पाठीशी घेतली आणि गाडी चालवायला लागली. पहिली गोणी फाटली तेव्हा दुसरी केली. आताची कितवी होती ते तिलाही आठवत नव्हतं.

जीप तपासणीत नापास झाली ती फेब्रुवारीत. खालच्या गावातला गॅरेजवाला मेरिग गाडीखाली गेला, बारक्या हातोडीने सीटखालच्या आणि मागच्या तळावर टकटक केलं आणि तळाचा एक तुकडा त्याच्या कपाळावर पडला.

“हेलेद,” तो खालूनच म्हणाला, “यात कोकरू घालून निघालीस ना, तर तू पोचायच्या आधी ते चालत घरी पोचेल.”

मार्च अर्धा संपला की मेंढ्या व्यायला लागतात, तेव्हा जीप हवीच. नवी घ्यायची गोष्ट कुणी काढली नाही. हेलेदने पत्रा आणला, वेल्डिंगचं मशीन घरचंच होतं. फाटकांची बिजागरं डागता डागता ती त्यावर आपली आपण शिकली होती. डिझेलची टाकी काढून अंगणाच्या पार टोकाला ठेवली, बॅटरी सोडवली, सीट काढली. सीटचे चारही बोल्ट त्याच गंजक्या पत्र्यातून खाली जात होते. ते फिरेनातच. शेवटी ग्राइंडरने कापले.

शुक्रवारी संध्याकाळी गेथिन आला आणि शनिवारी सकाळी कोरा करकरीत बॉयलर सूट घालून शेडमध्ये उभा राहिला. छातीवर घडीची रेघ तशीच होती.

“अरे वा,” हेलेद म्हणाली. “लेबल काढलंस की अजून मानेला आहे?”

“मॅचच्या आधी संपेल ना?” गेथिन म्हणाला.

“कुठली मॅच?”

“हेलेद! आज रग्बी आहे!”

“मग नीट काम कर. नाहीतर जीपखालून रेडिओवर ऐकशील.”

जुना तळ कापायला घेतला आणि मग कामाला खरी मजा आली. इवोरची पद्धत साधी होती: भोक दिसलं की त्यावर पत्रा. खालचं कुजलेलं कापायच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता. त्यामुळे हेलेदचा ग्राइंडर एका थरातून निघायचा तो दुसऱ्यात शिरायचा. वर तेलाच्या पिंपाचा तुकडा, त्याखाली कुठल्यातरी पाटीची अर्धी अक्षरं, त्याखाली पांढरा रंग दिलेला गुळगुळीत पत्रा. दोन थरांच्या मध्ये पाणी साचलेलं. वरून ठणठणीत, आतून भुसा.

मार्गेद नेमकी तेव्हाच मनुकांचा ब्रेड आणि चहा घेऊन आली. तिने ट्रे ठेवला, पांढऱ्या तुकड्याकडे पाहिलं, मग वाकून आणखी पाहिलं.

“इवोर, हा माझा फ्रिज आहे.”

“फ्रिज नाही. फ्रिजचं दार.”

“भंगारात दिला म्हणालास!”

“दिलाच. दार तेवढं ठेवलं. चांगलं दार होतं.”

“त्या दाराला लावलेलं होतं रे ते चुंबकाचं बदक. गेथिनने शाळेतून आणलेलं.”

“बदक नव्हतं पत्र्याला. बदक मी काढून ठेवलंय,” इवोर थोडा दुखावून म्हणाला, आणि खरंच, हत्यारांच्या फळीच्या वरच्या कोपऱ्यात, गंजक्या खिळ्यांच्या डब्याला ते बदक चिकटलेलं होतं. गेथिनने ते पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला.

दुपारपर्यंत ड्रायव्हरच्या सीटच्या जागेपासून मागे जीपला तळ राहिला नाही. नुसती चौकट, आणि खाली शेडची ओली जमीन. हेलेदने औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे जोडून साचा काढला, चौकटीत बसवून पाहिला, कोपरे कातरले, परत बसवला. मग साच्यावरून पत्रा कापला आणि दोन लाकडी तुळयांमध्ये धरून त्याच्या कडा हातोड्याने वळवल्या. इवोर उलट्या बादलीवर बसून सगळं बघत होता. खुब्यामुळे त्याला वाकता येत नव्हतं. बोलता येत होतं.

“कड अजून घे. अजून. आता पुरे. जास्त झाली.”

“बरोबर आहे, बाबा.”

“गेथिन, तू बघून ठेव. पुढे तुला करायला लागेल.”

“हो, बाबा,” गेथिन म्हणाला.

वेल्डिंग करताना खाली कुणीतरी लागतं. गाडीच्या सांदीसांदीत वर्षानुवर्षांची लोकर आणि वाळका चारा असतो. वरून ठिणगी गेली की खाली धुमसायला लागतं. म्हणून गेथिन ओलं पोतं आणि पाण्याची बाटली घेऊन जीपखाली आडवा झाला. त्याच्या बॉयलर सूटची घडी एकदाची गेली. पत्रा अजून डागलेला नव्हता, बाजूला बोटभर फट होती आणि फटीतून हेलेदला भावाचा एक डोळा दिसत होता. इवोर तिच्या उजव्या हाताला बसलेला. म्हणजे त्याचा बहिरा कान त्यांच्याकडे.

“बाबांना सांगितलंस, परत येणार नाहीस ते?” तिने हळूच विचारलं.

“आज सांगतो.”

“ख्रिसमसलाही आजच होतं.”

“ख्रिसमसला ते खुशीत होते गं.”

“आणि आता?”

डोळा मिटला, उघडला. “आताही खुशीत आहेत.”

“सोमवारी वकील आहे, गेथिन.”

“माहितेय मला. मी काय करू? मी तोंड उघडलं की ते असं बघतात ना माझ्याकडे... मी लगेच एकोणीस वर्षांचा होतो. तूच का नाही सांगत? दिवसरात्र तूच असतेस त्यांच्याबरोबर.”

“मी सांगितलं तर ते सांगणं होत नाही,” हेलेद म्हणाली. “मागणं होतं.”

खालून पोतं सरकवल्याची खसखस झाली. मग आवाज आला, “इथे एक मेलेला उंदीर आहे.”

“असू दे. तो काही बोलणार नाही. तुझ्यासारखाच.”

“काय म्हणतोय तो?” इवोरने मोठ्याने विचारलं.

“उंदीर आहे म्हणतोय!”

“त्याला सांग, हात लावू नको!”

हेलेदने मुखवटा खाली ओढला. पहिला टाका एका कोपऱ्यात, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, तिसरा मधे कुठेतरी. एकाच जागी टाके घालत सुटलं की पत्रा तापून वाकतो, मग कितीही ठोका, सरळ होत नाही. थोडं इथे, थोडं तिथे, मग थांबायचं, हात पत्र्याच्या वर धरून ऊब अजमावायची. तिला हे काम आवडायचं. मुखवट्याच्या आत काळोख असतो आणि काळोखात एक छोटासा पांढरा तारा, त्याच्याखेरीज काही बघायचं नसतं. तिथे ना सोमवार, ना वकील. मधेच खालून “धूर!” अशी हाक यायची, पोत्याचा फटका, आणि मग “विझलं!” एवढ्या बाबतीत तिचा भाऊ चोख होता.

मॅच सुरू होऊन अर्धी संपली तेव्हा शेवटचा टाका पडला. पत्रा सगळीकडून बंद झाला. हेलेदने त्यावर लाल रंग दिला आणि तो वाळेपर्यंत सगळे शेडच्या दारात उभे राहून डोंगरावरचा पाऊस बघत राहिले, ज्याच्याकडे ते रोजच बघत. रंग वाळल्यावर तळ असा दिसायला लागला की नेल आत उडी मारून त्यावरून एक फेरी मारून आली, आणि तिच्या नखांचा नवाच टकटक आवाज ऐकून स्वतःच दचकली.

राहिली सीट.

सीट आणून ठेवली तेव्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. जुन्या पत्र्यात बोल्टची भोकं होती. नव्या पत्र्यात भोकं नव्हती. रूळ तर गंजून गेलेलेच, सीट पुढेमागे सरकायची नाही. जिथे भोक पडेल तिथे ती बसेल, आणि मग तिथेच राहील.

ड्रिल हेलेदच्या हातात होतं. खडू इवोरच्या.

“गेथिन, बस,” इवोर म्हणाला. “तुझ्या मापाने घेऊ.”

गेथिनने बहिणीकडे पाहिलं. मग आईकडे. मार्गेद ट्रेवरचे कप एकात एक रचत होती. तो जीपमध्ये चढला, सुट्या सीटवर बसला, पायांनी सीट मागे रेटली. चाळिशीतलं पोट स्टिअरिंगला लागत होतं, म्हणून अजून थोडी मागे घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो काचेतून समोर बघत राहिला, जसा एखादा लहान मुलगा जत्रेतल्या गाडीत बसून ती सुरू व्हायची वाट बघतो.

त्याने तोंड उघडलं. “बाबा,” तो म्हणाला.

“हं?”

“नाही... म्हटलं, जरा तिरकी वाटतेय.”

हेलेदने ड्रिल बाकावर ठेवलं. तिला रडू आलं नाही, संतापही आला नाही. नुसतं एकदम खूप दमल्यासारखं वाटलं, दिवसभर पत्रा उचलल्याचं सगळं ओझं आत्ताच आल्यासारखं. नेल येऊन ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहिली, वर चढायला पाय उचलला, आत गेथिन दिसला तसा पाय खाली ठेवला आणि हेलेदच्या बुटाशी येऊन बसली.

इवोर जीपजवळ जाण्यासाठी उठला. आधार घ्यायला त्याने मडगार्डवर हात टेकवला, आणि हाताखाली गोणी आली. हेलेदने सीट काढताना ती तिथे ठेवली होती.

“ही कुठे ठेवू?” त्याने विचारलं.

“राहू द्या तिथेच. लागणार आहे मला,” हेलेद म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “सीट बसली की मागे लावते.”

इवोरने गोणी उचलली. रोजची बघण्यातली वस्तू. तो तिच्याशेजारी बसून किती वेळा बाजारात गेला असेल. पण हातात ती कधी घेतली नव्हती. निळा रंग मधोमध उडून पांढुरका झाला होता, आणि आतली लोकर दबून तिथे एक खोलगट जागा झाली होती, पाठीच्या मापाची, अरुंद. इवोरने त्या खोलगटात तळहात ठेवून पाहिला. मेंढी विकत घेताना तिच्या पाठीवर हात दाबून आत किती मांस आहे ते बघायची त्याची जन्माची सवय. तसाच हात त्याने त्या गोणीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. रेडिओवर कुणीतरी कुणाला तरी पाडलं आणि लोक ओरडले. ते कुणी ऐकलं नाही, गेथिननेसुद्धा नाही.

“ऊठ, गेथिन,” इवोर म्हणाला.

गेथिन इतक्या झटकन उतरला की त्याचं डोकं दाराच्या चौकटीला आपटलं.

“हेलेद, तू बस.”

“बाबा, माझं...”

“बस म्हणतो ना.”

ती बसली. गोणी इवोरच्या हातातच होती. ती मागायला तिने हात पुढे केला, पण त्याने दिली नाही.

“क्लच दाब. टाच टेकते? पूर्ण दाब, बोटांनी नाही. गेथिन, सीट पुढे ढकल. अजून. हळू, तिचे गुडघे आहेत तिथे.”

नव्या पत्र्यावरून सीट कुरकुरत पुढे सरकली. पुढे, आणखी पुढे. क्लच तळापर्यंत गेला. हेलेदचं पाऊल पेडलवर सपाट बसलं, पाठ सीटला टेकली, आणि काचेतून डोंगराची ती बाजू दिसायला लागली जी बघायला तिला नेहमी मान लांब करावी लागायची.

“पुरे,” ती म्हणाली. “इथे.”

इवोरने जीपची कड धरली आणि खुब्याला न जुमानता गुडघ्यावर बसला. मार्गेद पुढे झाली, पण त्याने हाताने तिला थांबवलं. जीभ दातांत धरून त्याने सीटच्या पायाभोवती खडूने गोल काढला, मग दुसरा. गोल वेडेवाकडे आले. लाल रंगावर पांढरे, स्वच्छ दिसणारे.

हेलेदला वाटलं, झालं. एवढ्यावर हे घर आणखी दहा वर्षं काढू शकेल. सीट पुढे आली, बोलणं मागे राहिलं, आणि सोमवारी काय होईल ते सोमवारी. गेथिन डोकं चोळत बदकाकडे बघत होता. मार्गेदने ट्रे उचलला होता.

“मी चहा टाकते,” ती म्हणाली.

“थांब, मार्गेद,” इवोर म्हणाला. तो अजून जमिनीवरच होता, एक हात जीपवर, दुसऱ्या काखेत निळी गोणी. “चहा नको.”

मार्गेद थांबली. कप एकमेकांवर किणकिणले आणि गप्प झाले.

“गेथिन काही परत यायचा नाही,” इवोर म्हणाला. “मला कधीचं ठाऊक आहे. हाफोद हेलेदचं.”